बादलीच्या बाजूचा देवमासा

बोटीवर तिला सगळे बादलीमावशी म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. देवमासे आणि समुद्रपक्षी दाखवायला नेणाऱ्या बोटीवर बादल्या सांभाळणं हेच तिचं काम होतं. बारा पिवळ्या बादल्या, प्रत्येकीवर काळ्या रंगात आकडा, कडीला फडकं गुंडाळलेलं, म्हणजे धरणाऱ्याच्या हाताला गार लागू नये. ज्याला बोट लागली त्याच्यापुढे बादली धरायची, पाठीवरून हात फिरवायचा, ओला रुमाल द्यायचा, आल्याची गोळी द्यायची आणि म्हणायचं, "होतं हो असं, सगळ्यांना होतं." हे वाक्य ती दिवसातून चाळीस वेळा म्हणत असेल. तिला स्वतःला मात्र अठरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं, आणि त्याचा तिला जरा जास्तच तोरा होता.

कोणाला बोट लागणार हे तिला धक्क्यावरच कळायचं. "आम्हाला नाही हो काही होत," असं चारचौघांत सांगणारा माणूस पहिल्या अर्ध्या तासात. नवं जोडपं असेल तर नवरा आधी. बडबड करणारा बोलता बोलता गप्प झाला आणि समोरचा खांब निरखून बघायला लागला, की मावशी बादली घेऊन निघालीच. चार नंबरची बादली सगळ्यांत खोल. ती भरपेट न्याहारी करून आलेल्यांसाठी वेगळी ठेवलेली असे.

अशी ही कामाला वाघ असलेली बाई. पण एक गोष्ट तिच्या पोटात होती, आणि ती तिने नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. अठरा वर्षांत तिने एकही देवमासा पाहिला नव्हता.

हसू नका. झालं होतं ते असं. ती कामाला लागली त्याच महिन्यात उजवीकडे देवमासा वर आला, सगळी बोट उजवीकडे धावली, आणि डावीकडे एक गृहस्थ कठड्यावर पोट टेकून ओकत ओकत जवळजवळ पाण्यात गेले. कोणाचं लक्षच नव्हतं. पट्टा कठड्याच्या खिळ्यात अडकला म्हणून वाचले. तेव्हापासून कप्तानाने नियम करून टाकला. सगळे जिकडे धावतील, त्याच्या उलट्या बाजूला मावशीने थांबायचं. 'उलट्या बाजूला' यावर बोटीवरच्या लोकांनी जो विनोद करायचा तो केला, अजूनही करतात, आणि मावशी अजूनही हसते. पण नियम तो नियम. देवमासा दिसला रे दिसला की मावशी पाठ फिरवून आजाऱ्यांकडे. तिने काय पाहिलं असेल तर ते माणसांच्या पाठी. झालंच तर लांबवर एखादा फवारा, दोन टोप्यांच्या फटीतून काहीतरी काळं. त्यातलं एक काळं तर नंतर कोणाचं तरी रेनकोटाचं टोपडं निघालं.

मग सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून का नाही गेली, असं कोणीही विचारेल. अहो, पण जाणार कोणत्या तोंडाने? पहिल्याच आठवड्यात ती दमूनभागून घरी आली, तर जिन्यात तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्या बाईंनी गाठलं. दिसला का देवमासा? मावशीला पायातले बूट काढायचे होते. नाही म्हटलं असतं तर का नाही, कसं नाही, सगळं सांगत बसावं लागलं असतं. म्हणून ती म्हणाली, "दिसला की." केवढा होता? जिन्याच्या खिडकीतून बस थांबा दिसत होता. मावशी म्हणाली, "दोन बसएवढा."

तिथून जे सुरू झालं ते काही थांबलं नाही. रोज देवमासा बघणारी बाई तिकीट काढून कशाला जातेय, असं मग सगळ्या इमारतीने विचारलं असतं. इमारतीतल्या लोकांना संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसायची सवय होती, आणि मावशी आली की तिला मधली पायरी मिळायची. बोटीवर प्रवासी धापा टाकत बॅगा घ्यायला यायचे तेव्हा जे बडबडायचे, ते ती कानात साठवायची आणि घरी आणून आपलं म्हणून वाढायची. अर्थात थोडं तिखटमीठ लावून. शेपटीला डाव्या बाजूने खाच असलेल्या एका देवमाशाचं तिने नाव ठेवलं जावईबापू. का, तर वर्षातून एकदा येतो, सगळे त्याच्यासाठी धावपळ करतात, तो भरपूर खातो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. हा जावईबापू म्हणे तिला ओळखायचा. बोटीला वळसा घालून तिच्याच बाजूला यायचा आणि डोळा मिचकावायचा. डावा. हे ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, गुडघ्यावर हात आपटून हसले होते.

गंमत अशी की खरी जाणकार ती पाखरांची होती. उलट्या बाजूला गर्दी नसते, तिथून पाखरं छान दिसतात. कुरव कोणते, सुरय कोणते, पाणकावळा बुडी मारून किती वेळाने वर येतो, पाण्याला पोट लावून उडणारी काळी पाखरं वारा बदलायच्या आधी कशी गोळा होतात, हे तिला लाउडस्पीकरवरून माहिती देणाऱ्या मुलीइतकंच कळायचं. ती मुलगी पाखरांमागे वेडी, म्हणून तिला सगळे पाखरूताई म्हणत. सुरय एका जागी घिरट्या घालून धपाधप पाण्यात पडायला लागले आणि कुरव ओरडत तिकडे निघाले, की खाली माशांचा घोळका वर आलेला असतो, आणि घोळक्याच्या खाली बहुतेक वेळा देवमासा. हे मावशीला आधी दिसायचं. ती पाखरूताईला खूण करायची, पाखरूताई लाउडस्पीकरवर ओरडायची, बोट धावायची, आणि मावशी बादली उचलून दुसरीकडे. शोधून द्यायचा हिने आणि बघायचा जगाने, असा सगळा मामला. आणि जिन्यावर पाखरांबद्दल कधी तोंड उघडलंच तर इस्त्रीवाल्या बाई म्हणायच्या, "ते राहू दे. जावईबापूचं सांग."

सगळं सुरळीत चाललं होतं, पण त्या जिन्यावर सगळ्यांत वरच्या पायरीवर वन्सं बसायच्या.

वन्सं म्हणजे मावशीच्या नवऱ्याची थोरली बहीण. चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होत्या. दुकानात शिरून तराजू उलटा करून बघायचा, वजनाच्या बुडाला शिसं कमी घातलंय का ते नखाने खरवडून बघायचं, दुधाच्या मापात पाणी ओतून मोजायचं. त्यांनी लग्न केलं नाही, आणि केलं असतं तर नवऱ्याला रोज तराजूत घातला असता, असं जिन्यावर दबक्या आवाजात बोललं जाई. निवृत्त झाल्या तरी हाताची खाज जाते कुठे? खात्याची एक उरलेली वही त्यांच्याकडे होती. एका रविवारी त्यांनी ती वही उघडली आणि चष्म्यावरून मावशीकडे पाहिलं.

"वहिनी, पहिल्या वर्षी तू देवमासा दोन बस सांगितलास. चौथ्या वर्षी अडीच. नवव्या वर्षी तीन. गेल्या वर्षी पुन्हा दोन. मासा आटला का?"

"वेगवेगळे असतात, वन्सं."

"मी जावईबापूबद्दल विचारतेय."

मावशी म्हणाली, "वय झालंय त्याचं." सगळे हसले, वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "उद्या मी येतेय तुझ्या बोटीवर. तिकीट काढलंय. मला दाखव. खाच दाखव, डोळा दाखव."

उद्या देवमासा आला तर वन्सं म्हणणार, चल, माझ्या शेजारी उभी राहा आणि सांग कुठली खाच. आणि मावशी असणार उलट्या बाजूला, नेहमीसारखी, पाठ फिरवून. वन्संना एका नजरेत कळणार. संध्याकाळपर्यंत जिन्याला कळणार. अठरा वर्षं ती मधली पायरी तिची होती. दिवसभर परक्यांच्या बादल्या धुणाऱ्या बाईला दिवसातून एकदा सगळे वर तोंड करून ऐकतात, ही काय साधी गोष्ट होती? ती पायरी जाणार म्हणून तिला खरंच रडू यायला लागलं होतं. नवऱ्याने, जो छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करायचा आणि शब्द मोजून वापरायचा, विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "कांदा." घरात कांदा नव्हता. त्याने पुढे विचारलं नाही.

सकाळी दात घासताना मावशीला युक्ती सुचली, आणि आरशातली मावशी तिच्याकडे बघून अशी हसली की नवरा दचकला.

अठरा वर्षं ती प्रत्येक प्रवाशाला पाच गोष्टी सांगत आली होती. हलकं खाऊन या. मोकळ्या हवेत बसा. बोटीच्या मध्यावर बसा. तोंड बोटीच्या दिशेने ठेवा आणि लांब क्षितिजाकडे बघा. काही वाचू नका. हे पाळलं तर शंभरातल्या नव्वदांना काही होत नाही. मग न पाळलं तर? वन्संचं डोकं दिवसभर बादलीत राहिलं, तर त्यांना ना देवमासा दिसणार, ना मावशी कुठे उभी आहे ते. आणि मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणणार, होतं हो असं, सगळ्यांना होतं.

आता यात पाप होतं हे तिला कळत होतं. पण पाप लहान होतं आणि बादल्या बारा होत्या.

सहा वाजता ती वन्संकडे डबा घेऊन हजर. तळलेले बटाटे, तीन अंड्यांचं ऑम्लेट, लोण्यात न्हालेला पाव. "दिवसभर बाहेर राहायचं, पोटाला आधार हवा," असं म्हणून तिने समोर बसून सगळं खायला घातलं. स्वतः तिने घासही घेतला नाही. खाणार कशी, सगळं लक्ष वन्संच्या ताटाकडे.

बोटीवर मागच्या बाजूला, बरोबर इंजिनाच्या डोक्यावर, एक बंद खोली होती. खिडक्या वाफेने आंधळ्या, डिझेलचा वास भिंतींत मुरलेला, आणि बाकडी मागे तोंड करून ठोकलेली. तिथे कोणी बसत नसे, जादा ब्लँकेटं ठेवायची ती जागा. मावशीने वन्संना सन्मानाने तिथे नेऊन बसवलं. "ही खास जागा, वन्सं. वारा लागत नाही." आणि हातात पाखरूताईने छापलेली पक्ष्यांची पुस्तिका दिली, जिची अक्षरं मुंगीएवढी होती. "जाईपर्यंत तेवढीच वाचा. म्हणजे तिथे गेल्यावर ओळखता येईल."

दारातून पाखरूताईने हा सगळा थाट बघितला आणि मावशीला बाजूला घेतलं. "मावशी, तुम्ही त्यांना तिथे बसवलंत? पुस्तक देऊन?"

"आवड आहे त्यांना वाचनाची."

"त्या मरतील तिथे."

"नाही गं, मी आहे ना शेजारी," मावशी म्हणाली, आणि दोन नंबरची बादली घेऊन वन्संच्या समोर जाऊन बसली. लक्ष ठेवायला नको का? वेळ आली की बादली पुढे करायला हवी.

बोट निघाली. बंदराच्या बाहेर पडताच लाटांनी तिला मागून उचलायला आणि आपटायला सुरुवात केली. मावशी वन्संच्या चेहऱ्याकडे टक लावून बसली. आधी ओठांजवळ पांढरं पडतं, मग जांभया येतात, मग माणूस गिळायला लागतो. दहा मिनिटं झाली. वन्संनी पान उलटलं. वीस मिनिटं झाली. वन्संनी पर्समधून पेन्सिल काढली.

"इथे पाणकावळ्याच्या पंखांची लांबी इंचात दिलीय आणि वजन ग्रॅममध्ये. कोणी छापलंय हे?"

"वन्सं, बरं वाटतंय ना?"

"छान वाटतंय. बिस्किट आहे का गं?"

मावशीने बिस्किट दिलं. वन्संनी ते आपल्या थर्मासमधल्या चहात बुडवून खाल्लं, मग दुसरं मागितलं. बाहेर पाखरूताईच्या हातून चार बादल्या वापरात गेल्या होत्या, एक धट्टाकट्टा गृहस्थ आडवा पडला होता, आणि वन्सं डिझेलच्या धुरात मागे तोंड करून मुंगीएवढी अक्षरं दुरुस्त करत बसल्या होत्या. मावशीला राहवेना. "तुम्हाला काहीच कसं होत नाही?"

"मला?" वन्संनी पेन्सिलीला टोक काढलं. "तीस वर्षं खात्याच्या गाडीत मागे बसून फिरले मी. वजनांच्या पेटीवर बसायचं, तोंड मागे, खिडकी नाही, आणि तपासणीचे कागद गाडीतच लिहून काढायचे. पुढे साहेब बसायचे, ते ओकायचे. मी कधी नाही. खरं सांगू का, निवृत्त झाल्यापासून इतकं बरं मला कुठे वाटलंच नव्हतं."

मावशीने हे ऐकलं आणि तिचं अवसान गळालं. तिने खांबाकडे पाहिलं. खांबावर गंजाचा एक डाग होता, तो तिने जरा वेळ निरखला. मग तिला जांभई आली. मग तिने गिळलं. आणि तेव्हा कुठे त्या बाईच्या लक्षात आलं की उपाशीपोटी, बंद खोलीत, इंजिनावर बसून, आपण तासभर क्षितिजाकडे न बघता एकच चेहरा वाचत बसलोय. वन्संना समोर ठेवून तिने पाचही नियम स्वतःच मोडले होते.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "तू हिरवी का दिसतेस?"

यापुढचं मावशीने कोणालाच कधी नीट सांगितलं नाही, पण दोन नंबरची बादली तिथेच वापरात आली. अठरा वर्षांचा तोरा एका मिनिटात उतरला. वन्संनी पुस्तिका खाली ठेवली, एका हाताने मावशीला दंडाला धरलं, दुसऱ्या हातात बादली घेतली आणि तिला बाहेर डाव्या बाजूच्या बाकावर आणून बसवलं. स्वतः तिच्यासमोर कठड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि बादली धरली. धरली तीही अगदी तराजूसारखी, न हलवता. बोट हलत होती, बादली नाही.

"होतं असं," वन्सं म्हणाल्या. "सगळ्यांना होतं म्हणे. तूच सांगतेस ना रोज लोकांना?"

नेमका त्याच वेळी लाउडस्पीकर खरखरला. उजवीकडे फवारा, लांबवर, पण नक्की. सगळी बोट उजवीकडे धावली. डाव्या बाजूला राहिल्या या दोघी आणि आडवा पडलेला तो धट्टाकट्टा गृहस्थ.

मावशीने बादलीतून डोकं वर केलं. "जा वन्सं. तुम्ही त्यासाठी आलात. जा, बघून या."

"आणि तुला कोण धरणार?"

"मला काही होत नाही."

"ते दिसतंय," वन्सं म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

मावशीला लाज वाटली. इतकी की पोटातली मळमळ त्यापुढे काहीच नव्हती. जिला आजारी पाडायला ती सकाळपासून झटत होती, ती तिकीट काढून आलेली बाई देवमाशाकडे पाठ करून तिची बादली धरून उभी होती. मावशीने अठरा वर्षं केलं तेच करत होती. आता सांगून टाकावं सगळं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ओठांवर दुसरंच काहीतरी आधी आलं आणि ती पुन्हा बादलीत वाकली.

वाकलेली असतानाच तिला पाखरं ऐकू आली. आधी सुरय, धारदार, डोक्यावरून. मग धपाधप पाण्यात पडल्याचे आवाज. मग कुरव, ओरडत, घाईघाईने, आणि सगळे डावीकडे. उजवीकडे नाही. सवयीने तिचा हात वर गेला, पाखरूताईला खूण करायला. पण पाखरूताई पलीकडच्या बाजूला होती, सगळे पलीकडच्या बाजूला होते. मग एकाएकी पाखरं उडाली आणि समोरचं पाणी वर आलं.

पाणी नव्हतं ते. ते काळं होतं, त्यावर पांढऱ्या शिंपल्यांचे खरबरीत डाग होते, आणि ते येतच राहिलं. कठड्याच्या गजांतून तिला दिसत होतं, इतकं जवळ की हात लांब केला असता तर पोचला नसता एवढंच. त्याने श्वास सोडला. तोफ सुटावी तसा आवाज झाला आणि सडक्या मासळीचा असा भपका आला, की आधी काही खाल्लं असतं तर तेही आलं असतं. मग ते अंग जरा कुशीवर वळलं आणि मावशीला डोळा दिसला. एवढ्या धुडाला एवढासा डोळा, संत्र्याएवढा, सुरकुत्यांच्या घडीत बसलेला. तो तिच्याकडे बघत होता. मिचकावला वगैरे काही नाही. नुसता बघत होता, शांतपणे, जिन्यावरचं कोणी बघतं तसा. मग अंग घसरत घसरत खाली गेलं, शेवटी शेपटी वर आली, पाणी निथळलं, आणि ती गेली.

आणि अठरा वर्षं देवमाशांची तज्ज्ञ असलेली मावशी तोंड पुसायचंही विसरून म्हणाली, "अगं बाई. एवढा असतो होय?"

वन्संनी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तरी पाण्यावर एक गोल तेलकट डाग होता, तेवढाच. त्यांची सगळी पाठ फवाऱ्याने भिजली होती, स्वेटर अंगाला चिकटला होता आणि त्याला घाण वास येत होता. पण त्या मावशीच्याच चेहऱ्याकडे बघत होत्या. तराजू उलटा केल्यावर बुडाला खरवडलेलं शिसं सापडावं, तसं त्यांना काहीतरी सापडलं होतं.

"एवढा असतो म्हणजे?" त्या म्हणाल्या.

मावशीने बादलीवरच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"वहिनी. याआधी किती पाहिलेस?"

मावशीने नकारार्थी मान हलवली. बोलायला गेली तर रडू फुटलं असतं, आणि तसंही ते फुटलंच. "एकही नाही, वन्सं. मी नेहमी इकडेच असते. बादलीच्या बाजूला."

"अठरा वर्षं?"

"अठरा."

वन्संनी बादली खाली ठेवली, पर्समधून रुमाल काढला आणि तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच. "आणि ते बटाटे? ती खोली? ते पुस्तक?"

"ते पण," मावशी म्हणाली. सांगायचं तर सगळंच सांगावं, असं तिने ठरवलं होतं.

बोट परत फिरली. उजव्या बाजूच्या लोकांना काही दिसलं नव्हतं, फक्त लांबचा फवारा. पाखरूताई माफी मागत फिरत होती. वन्सं त्याच बंद खोलीत जाऊन मागे तोंड करून बसल्या, आणि मावशीला बाहेरून त्यांचा ओला स्वेटर तेवढा दिसत होता. तिने बादल्या धुतल्या. दोन नंबरची दोनदा धुतली.

संध्याकाळी जिना भरला होता. सगळ्यांना ठाऊक होतं की आज परीक्षा होती. इस्त्रीवाल्या बाईंनी काम लवकर आटोपलं होतं, आजोबा उशी घेऊन बसले होते. मावशी आली पण मधल्या पायरीवर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. वन्सं वरच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि त्यांनी मांडीवर वही ठेवली.

"काय, दिसला का?" इस्त्रीवाल्या बाईंनी विचारलं.

मावशीने ठरवलं, आता खरं तेच सांगायचं. "दिसला," ती म्हणाली. "अगदी जवळ आला होता. काळा होता. अंगावर शिंपले होते. श्वासाला फार घाण वास येतो. डोळा लहान असतो, संत्र्याएवढा. माझ्याकडे बघत होता. मग गेला."

सगळे वाट बघत राहिले.

"एवढंच?" आजोबा म्हणाले.

मावशीला वाटलं, यांना कसं सांगू. जिन्यावर पहिल्यांदा ती खरं बोलत होती आणि पहिल्यांदाच ते कमी पडत होतं. तिचे डोळे भरून आले. इस्त्रीवाल्या बाई वर वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्ही पाहिलात ना? हिला ओळखतो म्हणे तो, ते खरं का?"

मावशीने डोळे मिटून घेतले. वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"तीस वर्षं मी वजनमापात काढली," वन्सं म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शिक्का मारत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत आहे," आजोबा म्हणाले.

"मग लिहून घ्या. शेपटीला खाच आहे, डाव्या बाजूला. सगळी बोट उजवीकडे होती. त्याने वळसा घातला आणि सरळ हिच्याकडे आला. माझी पाठ बघा, वास घ्या, मी मध्ये उभी होते म्हणून माझ्यावर चिडला." त्यांनी पाठ वळवली, आजोबांनी वाकून वास घेतला आणि उशी तोंडावर धरली. "आणि डोळा मिचकावला. डावा. ही सांगायला लाजतेय."

जिना जो हसला, त्यात मावशीचं रडणं कोणाला कळलं नाही. कोणीतरी तिला दंडाला धरून मधल्या पायरीवर बसवलं.

सगळे पांगल्यावर वन्सं तिच्या दारापर्यंत आल्या. वही उघडी होती, पेन्सिल हातात होती. "आता मला सांग. खरा किती होता?"

"एक बस, वन्सं. फार तर सव्वा."

"सव्वा," वन्संनी लिहिलं. "मिचकावला नाही?"

"नाही."

"पण बघत होता?"

"बघत होता. बराच वेळ."

वन्संनी तेही लिहिलं. मग त्यांनी वही मिटली, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा राहिला नाही. "माझ्या पाठीमागे होता गं तो. एवढा जवळ. मलाही एकदा बघायचाय."

"या की, वन्सं," मावशी म्हणाली. "फक्त पुढच्या वेळी बादली खाली ठेवा आणि मागे वळा. माझं काय, मी बादलीला धरून बसेन."